वचनाच्या मागचं-पुढचं : तुमचे अनुभव

गेल्या आठवड्यात बायबलमधलं यिर्मया २९:११ (यिर्मयाचं पुस्तक, अध्याय २९, वचन ११) मला एकाच दिवशी तीन ठिकाणांहून आलं. एकाच्या मुलीचा निकाल लागला होता, दुसऱ्यानं गाडी घेतली होती आणि तिसरं नुसतं सुप्रभात होतं. ‘हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नव्हत.’ मागे सूर्योदय.

हे वाक्य एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्यानं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यानं, ते लिहिलं. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा हिशोब आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाण्याआधीच मरणार होते! त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगत फिरत होता. लोकांना अर्थातच तो आवडत असणार.

वचनांना आकडे फार उशिरा पडले. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूच्या नावावर आहे. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, आज चालते ती वचनवार मोडणी रोबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली छापली. आकडे आले आणि शोधणं सोपं झालं, तसं तोडून नेणंही. म्हणून हा धागा. पाठ असलेलं एखादं वचन तुम्ही कधी त्याच्या मूळ जागी जाऊन वाचलंत का, आणि मग काय झालं? साक्ष द्यायची नाहीये, घडलं ते लिहा. विश्वास नसलेल्यांनीही लिहा.

* * *

यिर्मयापासूनच सुरू करते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. चालताना त्याला आधार लागतो आणि पुढेही लागणार आहे. तो लहान असताना भेटणारा प्रत्येक जण हनन्या होता. ‘दोन वर्षांत पळायला लागेल बघा.’ प्रार्थना करून जाणारेसुद्धा हेच म्हणायचे. मलाही तेच ऐकायचं असायचं, खोटं कशाला बोलू.

बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, असं व्यायाम घेणाऱ्या ताई पहिल्या वर्षापासून सांगत होत्या. मी सहा वर्षं बसवली नाही. भिंतीला भोक पाडलं की ते कायमचं झालं, असं वाटायचं.

मग एकदा उपासनेत तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला गेला. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा. मी अकराव्या वचनाची वाट बघत होते आणि पाचव्यावरच अडकले. त्या आठवड्यात दांडी बसवून घेतली. मुलगा पहिल्यांदा एकटा आंघोळ करून आला आणि अर्धा तास लावलास म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

* * *

माझं वचन मत्तय १८:२२. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असं शिष्य पेत्र येशूला विचारतो. साताच्या सत्तर पट, असं उत्तर येतं.

नवरा हात उचलायचा. मी दोनदा माहेरी आले आणि दोन्ही वेळा मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चमधल्या) वडीलधाऱ्यांनी हेच वचन ऐकवून परत पाठवलं. त्यातल्या एकानं तर चारशे नव्वद असा गुणाकारही करून दाखवला. हसत. तो आकडा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. मी खरोखर मोजायला लागले होते.

तिसऱ्यांदा आले तेव्हा आत्यानं पवित्र शास्त्र पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “बावीस सोड, पंधरापासून वाच.” तिथं लिहिलंय की भावानं अपराध केला तर त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर एकदोन जणांना सोबत ने, म्हणजे साक्षीदार होतील. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. हे सगळं क्षमेच्या प्रश्नाच्या सहासात वचनं आधी, त्याच पानावर! मंडळीला सांगण्याची पायरी मी केव्हाच चढले होते. मंडळीनंच पान उलटलं होतं.

मी परत गेले नाही. क्षमा केली का, असं लोक अजून विचारतात. काही दिवस वाटतं केली, काही दिवस नाही. पण आता मोजत नाही.

* * *

फिलिप्पै ४:१३. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे.’ आमच्या संघाच्या टी-शर्टवर होतं. अंतिम सामना सहा गोलांनी हरलो. नंतर कळलं की ते पत्र पौल या प्रेषितानं कैदेत असताना लिहिलंय आणि आदल्या ओळीत तो भरलेल्या पोटानं आणि उपाशीपोटीही राहायला शिकलोय असं म्हणतो. तेव्हा टी-शर्ट हरल्यावर घालायचा होता.

* * *

मी वरिष्ठ पदावर आहे. रविवार कडक पाळतो. फोन बंद, लॅपटॉप कपाटात. याचा थोडा गर्वही होता, कबूल करतो.

शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे, हे मला पन्नाशीत कळलं. निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात देवानं सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात तुम्ही मिसर देशात दास होता म्हणून. आणि तिथं स्पष्ट म्हटलंय की तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा.

मी काय करायचो सांगतो. शनिवारी संध्याकाळी सात वाजता हाताखालच्या मुलांना यादी पाठवायची, ‘सोमवारी सकाळी नऊला बघू’ असं लिहायचं आणि फोन बंद करून टाकायचा. माझा रविवार त्यांच्या रविवारावर उभा होता. आता यादी शुक्रवारी दुपारी जाते. काम थोडं मागे पडतं. वरून बोलणीही खाल्ली आहेत. मुलांना अजून कारण सांगितलेलं नाही. सांगितलं तर मी उपदेश करतोय असं वाटेल.

* * *

परवानगी दिली आहे म्हणून लिहिते, मी विश्वास सोडून बरीच वर्षं झाली. मागचं-पुढचं वाचल्यावर अर्थ नेहमी गोडच होतो, हे मला पटत नाही. स्तोत्र १३७ घ्या. ‘बाबेलच्या नद्यांच्या काठी आम्ही बसलो आणि रडलो’, हे किती सुंदर आहे. लहानपणी आम्ही ते गायचो. पण शेवटचं, नववं वचन कुणी गातं का? बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला तिथं धन्य म्हटलंय. मी चौदाव्या वर्षी ते एकटीनं वाचलं आणि शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, आपण सहाव्या वचनापर्यंतच घेऊ. माझं जाणं तिथून सुरू झालं असावं. त्या वचनापेक्षाही त्या ‘सहापर्यंतच’मुळे.

* * *

वरच्या ताईंना, मी तीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलं आणि मीही सहापर्यंतच घेत असे. बचाव करत नाही. एवढंच सांगतो की आमच्या घरात एक अपमृत्यू झाल्यावर मी ते स्तोत्र पूर्ण वाचलं. मोठ्यानं, दार लावून. कुणीतरी इतकं भयंकर वाक्य देवासमोर बोलून ठेवलंय याचा त्या रात्री आधार वाटला. ते बरोबर आहे असं मात्र आजही म्हणवत नाही.

* * *

माझा अनुभव वचनाचा नाही, वगळलेल्या पानाचा आहे. मत्तयाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ. अमुकाला तमुक झाला, तमुकाला अमुक झाला. सगळे इथून सरळ अठराव्या वचनावर, येशूच्या जन्मावर, उडी मारतात. मीही मारायचे.

आईची स्मृती गेली आहे. मला ती ‘बाई’ म्हणते, अहो-जाहो करते. स्तोत्र २३ वाचलं तर चेहऱ्यावर काही हलत नाही. एकदा नवा करार उघडला आणि कंटाळून वंशावळच वाचायला लागले. तामार आली, राहाब आली, रूथ आली. आई ओठ हलवायला लागली. तिच्या वडिलांनी पाचही मुलांकडून ती यादी पाठ करून घेतली होती, हे मामाकडून नंतर कळलं.

आता रोज संध्याकाळी तेच वाचतो. परवा मी दमले होते, ओळ चुकली. “योथामाला हिज्कीया झाला,” असं वाचून गेले. आईनं माझ्या मनगटावर टिचकी मारली.

“अहो बाई, आहाज राहिला.”