डायगामा, कोप्पा, सान: युनिकोडमध्ये नेमका कोणता संकेतांक?

प्रश्न (शिलापट): प्राचीन ग्रीक शिलालेखांची वाचनं डेटाबेसमध्ये आहेत. डायगामा आणि कोप्पा या नंतर वापरातून गेलेल्या ग्रीक अक्षरांपैकी डायगामासाठी रोमन एफ आणि कोप्पासाठी रोमन क्यू वापरलाय. आता खरी अक्षरं घालायचीत, पण युनिकोडमध्ये कोप्पाच्या मोठ्या-लहान अक्षरांच्या दोन जोड्या दिसतात. शिवाय आयएसओ ८८५९-७ (ग्रीकसाठीची जुनी संकेतप्रणाली) मध्ये निर्यात केली की ही अक्षरं जाऊन प्रश्नचिन्हं उरतात.

संकेतक: ८८५९-७ मध्ये ही अक्षरं नाहीतच. निर्यात यूटीएफ-८ मध्येच (युनिकोडची सगळी अक्षरं साठवणारी पद्धत) करा. प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत मिळत नाही, मूळ प्रत पाहूनच भरावं लागेल.

कोप्पाचं म्हणाल तर ९८४ (मोठा) आणि ९८५ (लहान) हे शिलालेखातलं अक्षर: वर्तुळ आणि खाली दांडी, करिंथच्या नाण्यांवर असतं तेच. ९९०/९९१ हा ९० या अंकासाठीचा नंतरचा, विजेसारखा आकार. पहिली जोडी युनिकोड ३.२ मध्ये, २००२ साली आली. त्याआधीच्या फाइलींत शिलालेखांनाही ९९० लावलेला सापडू शकतो.

डायगामा ९८८/९८९, सान (स-ध्वनीचं जुनं अक्षर) १०१८/१०१९, हेटा (ह-ध्वनीचं जुनं अक्षर) ८८०/८८१. सान एमसारखा दिसतो म्हणून म्यू (ग्रीक म) वापरू नका. हे सगळे दशमान आकडे आहेत. स्प्रेडशीटच्या युनिकार (UNICHAR, आकड्यावरून अक्षर देणाऱ्या) फंक्शनला तसेच द्या, मात्र देवनागरी अंकांत नको.

पाठशोधक: एफचा डायगामा सरसकट बदलू नका, सूची क्रमांक आणि टिपांमधले एफही बदलतील. फक्त ग्रीक मजकुराचा रकाना घ्या आणि शेजारी ग्रीक अक्षर असेल तिथेच बदला. तुटक लेखात कंसात एकटंच उरलेलं अक्षर हातानं तपासावं, तिथे नियम चालत नाही. ६ या अंकाचा स्टिग्मा (९८७) आणि शब्दान्तीचा सिग्मा (९६२) हीसुद्धा नेहमीची गल्लत.

संकेतक: हो, आणि शोधासाठी एनएफकेसी (अक्षरांची रूपं एकसारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया) लावत असाल तर सीसारखा दिसणारा चंद्राकार सिग्मा (१०१०) थेट ९६२ होतो, शब्दाच्या मधोमधसुद्धा. एनएफसी ही तशीच सौम्य प्रक्रिया त्याला हात लावत नाही, पण अंकचिन्ह केराया (८८४) बदलून ६९७ करतं. म्हणून साठवलेला मजकूर आणि शोधशब्द, दोन्हींना एकच प्रक्रिया लावा.

शिलापट: डायगामा घातला, पण रिकामी चौकट दिसते.

पाठशोधक: बहुधा फाँटमध्ये ते अक्षर नाही. न्यू अथीना युनिकोड हा फाँट लावून पाहा. तरी खात्री हवी तर ती चौकट कॉपी करून स्प्रेडशीटच्या युनिकोड (UNICODE, अक्षरावरून आकडा देणाऱ्या) फंक्शनला द्या. उत्तर ९८८ किंवा ९८९ आलं तर डेटा बरोबर आहे.