गावातल्या वाचनालयात आठवी ते बारावीच्या मुलांना कोणत्या कादंबऱ्या, कोणती ग्राफिक नॉव्हेल द्यावीत?

वाचनालयताई (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमचं गावातलं 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. आठवी ते बारावीचे पस्तीसेक सभासद आहेत. बालविभागात इसापनीती, बिरबल आणि चरित्रमाला, आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कपाटातली 'मृत्युंजय'. मधलं काहीच नाही. पोट्टे जाड पुस्तक हौसेनं नेतात आणि तिसऱ्या दिवशी परत आणतात, खूण विसाव्या पानावर. यंदा ४० पुस्तकं फक्त या वयासाठी घ्यायची आहेत. कोणाला काय द्यायचं हे ठरवायचं कसं? ग्राफिक नॉव्हेल (चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी) घ्यावीत का? समितीचं म्हणणं की ती चित्रांची पुस्तकं, म्हणजे बालविभागाची. आणि मराठीत ती फारशी मिळत नाहीत, तर काय करायचं?

देवघेव_खिडकी (वर्धा)

ताई, इयत्ता बघून पुस्तक देऊ नका, मुलानं शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक बघून द्या. देवघेवीच्या नोंदवहीत परतीच्या तारखेपुढे एक बारीक रकाना आखा: 'पू' म्हणजे पूर्ण, 'अ' म्हणजे अर्धं, 'न' म्हणजे उघडलंच नाही. पुस्तक परत घेताना एवढंच विचारा, "कुठपर्यंत गेलं?" "काय शिकलास?" असं विचारलं की पुढच्या वेळी मूल खोटं सांगतं आणि तुमची नोंद बिघडते. लागोपाठ दोनदा 'अ' आला, तर तिसरं पुस्तक निम्म्या जाडीचं द्यायचं. तीन-चार परतींत त्याचा कल कळतो.

पहिल्या पुस्तकाचं माप असं धरा: १२० पानांच्या आत, प्रकरण आठ-दहा पानांचं, अक्षर ठसठशीत, आणि तिसऱ्या पानापर्यंत काहीतरी घडलेलं. आपल्या कितीतरी चांगल्या कादंबऱ्या पहिली पंधरा पानं गाव आणि आभाळ दाखवण्यात घालवतात. मोठ्यांना ते आवडतं, नवा वाचक तिथंच गळतो. ग्रंथप्रदर्शनात उभ्याउभ्या तिसरं आणि तिसावं पान उघडा. दोन्हीकडे संवाद दिसले तर पुस्तक या वयाला चालण्याची शक्यता बरीच.

आता नावं. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' अजून चालतो. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे, त्यामुळे मधला भाग कोणी नेला असला तरी अडत नाही. फक्त देताना सांगा की हा मोबाइलच्या आधीचा काळ आहे, नाहीतर "फोन का नाही केला?" इथंच मुलं अडकतात. पुढची पायरी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, मराठी अनुवाद अशोक जैन यांचा. गोष्ट सांगणारा तोपशे स्वतःच शाळकरी वयाचा, म्हणून नववी-दहावीची मुलं त्याच्या बरोबरीनं कोडं सोडवतात. विज्ञानाकडे ओढा असेल तर जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला'. "भीतीचं द्या" म्हणणाऱ्याला नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी द्या, पण सुरुवात कथासंग्रहापासून. धारपांच्या लांब कादंबरीत भीती हळूहळू चढते, तेवढा धीर नव्या वाचकाकडे नसतो.

रहस्यकथेवरून गंभीर कादंबरीकडे न्यायला मला 'बनगरवाडी'पेक्षा चांगला पूल माहीत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी लहान आहे, वाक्यं आखूड आहेत, आणि धनगरांच्या वाडीत गेलेला कोवळा मास्तर पहिल्या पानापासून चालत असतो. जंगलालगतच्या गावांत त्यांचंच 'सत्तांतर' द्या. वानरांच्या टोळीवर नवा नर कब्जा करतो आणि पिल्लं मारतो, हे आधी सांगून द्या. मेळघाट, नागझिऱ्याकडची मुलं वानरं रोज बघतात, त्यांना ते खोटं वाटत नाही. मारुती चितमपल्लींची पुस्तकं कादंबऱ्या नाहीत, तरी त्याच फळीवर ठेवा. नवेगाव आणि मेळघाटची नावं मुलं स्वतः शोधतात.

आणखी एक, तेही कादंबरी नव्हे पण कादंबरीसारखं वाचलं जातं: वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', अमेरिकेतल्या कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र. वर्षानुवर्षं कापूस लावून निकस झालेली जमीन आणि त्यावर भुईमुगाचा फेरपालट, हे कपाशीच्या पट्ट्यातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

चौकट_आणि_फुगा (नागपूर)

ग्राफिक नॉव्हेलबद्दल. समितीसमोर वाद घालण्यापेक्षा टेबलावर 'भीमायन' ठेवा. बाबासाहेबांना सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेचं हे चित्ररूप, २०११ साली दिल्लीच्या 'नवयान'नं इंग्रजीत काढलं. हिंदी आवृत्ती भोपाळच्या 'एकलव्य'ची. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यात सरळ रेघांच्या चौकटी नाहीत. कडू बोलणाऱ्याच्या तोंडचा संवादाचा फुगा विंचवाच्या नांगीचा, मऊ बोलणाऱ्याचा पक्ष्याच्या आकाराचा. ही पानं उघडून दाखवली की बालविभागाचा मुद्दा उरत नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत परधान आणि गोंड घरं आहेतच. आपल्याच समाजातल्या कलावंतांची चित्रं पुस्तकात बघणं हे त्या मुलांसाठी निराळंच असतं.

भाषेची अडचण मला वाटते तेवढी मोठी नाही. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मुलं हिंदी सहज वाचतात. इंग्रजीचं ग्राफिक नॉव्हेल मात्र एकट्याच्या हाती देऊ नका. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४) नर्मदेच्या धरणावर आहे. गोसीखुर्दच्या पुनर्वसित गावांत ते पोचायला हवं, पण इंग्रजी शिक्षकांना बसवून, एका बैठकीत सहा-आठ पानं, आणि आधी फुगे झाकून नुसती चित्रं 'वाचायची'. शब्दच नको असतील तर शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' (२००६): परक्या देशात पोटासाठी गेलेल्या माणसाची गोष्ट, मजकूर एक ओळसुद्धा नाही. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुलं आणि बारावीची हुशार मुलगी एकाच बाकावर बसून ते बघू शकतात.

नव्या वाचकाची चूक कुठे होते? तो फक्त फुगे वाचतो, चित्रं सोडतो, आणि वीस मिनिटांत "झालं" म्हणतो. त्याला एकच प्रश्न विचारा: "या दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं, जे काढलेलं नाही?" तो मागची पानं उलटतो. जपानी मांगा (तिकडची चित्रकथा) घेतलं तर पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवा. बरीचशी उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, आणि ते कळलं नाही तर पुस्तक उलटं वाचून परत येतं.

खरेदीआधी बांधणी बघा, हे फार महत्त्वाचं. पुस्तक मधोमध उघडा. घडीत दोरा दिसला तर शिवलेलं, नाहीतर नुसतं डिंकावर चिकटवलेलं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तो डिंक कडक होऊन तडकतो आणि पानं सुटतात. साध्या कादंबरीला बाइंडर कडेनं भोकं पाडून दोरा घालतो, चालून जातं. ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र थेट घडीपर्यंत गेलेलं असतं, म्हणून कडेची शिलाई चित्रच खाते आणि जोडपानावरचा मधला माणूस गायब होतो. सुटी पानं पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ देऊन एकेक बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पिठाची खळ लावू नका, पावसाळ्यात कसर तीच खायला येते.

वऱ्हाडी_कपाशी (अकोला)

वरच्या यादीत आपल्या बोलीचं एकही पुस्तक नाही, ते भरतो. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०ची. नायिका कौतिकचं बोलणं अस्सल वऱ्हाडी. अकरावीच्या आधी देऊ नये, दुःख फार आहे, आणि बोली छापलेली वाचायला सुरुवातीला जड जाते. उपाय सोपा: संवादांची दोन पानं मोठ्यानं वाचायची. डोळ्याला अडलेला शब्द कानाला लगेच ओळखू येतो, कारण तो आजीच्या तोंडचा असतो.

वाचनालयताई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. 'शाळा' घ्यावी का? त्यात शिव्या आहेत, पालक येतील अशी भीती वाटते. आणि शेतकरी आत्महत्येशी जवळीक असलेल्या कादंबऱ्यांचं काय करावं? अशा घरांतली मुलं आमच्या सभासदांत आहेत.

खडू_फळा (बुलडाणा)

'शाळा' घ्या. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. त्या वयाचं आवडणं, टवाळी आणि धास्ती इतकी खरी क्वचित उतरली आहे. नववीच्या पुढे द्या. पालक आले तर लपवाछपवी नको: "पुस्तक तुम्ही आधी वाचा, आठ दिवस तुमच्या नावावर देते," असं सांगा. त्यासाठी दोन प्रती हव्यात, नाहीतर आठ दिवस मुलांची रांग अडते. एक सावधगिरी: 'मुलींसाठी', 'मुलांसाठी' अशी फळी करू नका. मुली 'शाळा' घ्यायला खिडकीशी लाजत असतील तर पुस्तकं खाकी कव्हरात, पाठीवर फक्त दाखल क्रमांक. क्रमांकानं मागता येतं.

दुसरा प्रश्न जपून हाताळण्याचा आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) आमच्या मातीतली, शिकून बेकार राहिलेल्या शेतकरी पोराची. ती कपाटात असायलाच हवी. पण ज्या घरात असं घडलं आहे तिथल्या मुलाला ती आपणहून सुचवू नका आणि त्यानं मागितली तर नाकारूही नका. सुचवलं की "माझ्या घरचं सगळ्यांना ठाऊक आहे" असं त्याला वाटतं; नाकारलं तरी तेच वाटतं. ती उघड्या फळीवर इतर पुस्तकांमध्ये ठेवा. सामूहिक वाचनाला घेऊ नका, कारण तिथून उठून जाता येत नाही. परत करताना मूल गप्प झालेलं दिसलं तर पुस्तकाबद्दल विचारू नका, थोडा वेळ बसवून घ्या. 'टेली मानस' या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सगळ्याच पुस्तकांच्या परतीच्या चिठ्ठीवर छापून ठेवा, म्हणजे कोणा एकाकडे बोट जात नाही.

देवघेव_खिडकी (वर्धा)

चाळीसची विभागणी मी अशी करेन: रहस्य, साहस, विज्ञान १६, गाव, शेती, जंगल ८, अकरावी-बारावीसाठी ८, ग्राफिक नॉव्हेल ५, उरलेल्या ३ दुसऱ्या प्रती. सगळं एकदम घेऊ नका. २५ आता, आणि 'पू'चा रकाना बघून १५ दिवाळीनंतर.

मुदतही हंगाम बघून ठेवा. दिवाळीपासून कापूस वेचणीत पोरं शेतात असतात, तेव्हा सात दिवसांची सक्ती केली की पुस्तक न वाचता परत येतं. त्या महिन्यांत बारीक पुस्तकं आणि तीन आठवडे मुदत. उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की लगेच परीक्षा. जाड कादंबऱ्या उन्हाळ्यात द्या. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून सुट्टीत एका सभासदाला दोन पुस्तकं द्यायला हरकत नाही. खरेदी अडकली तर 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. निवडक कथांची पानं पाठपोट छापून, शिवून ठेवा. त्यांनाही दाखल क्रमांक द्या, नाहीतर महिन्याभरात पानं हरवतात.