ब्रिटिश सायकेडेलिक आणि हार्ड रॉकचे संग्रह: कोणते घ्यावेत, मराठवाड्याच्या उन्हात कसे टिकवावेत?

लातूर_४५
१९६६ ते १९७२ मध्ये एक-दोन सिंगल (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी) काढून नाहीशा झालेल्या ब्रिटिश बँडची सायकेडेलिक (भास व्हावा तशा विचित्र आवाजांची) आणि हार्ड रॉक गाणी जमवायची आहेत. मूळ सिंगल परवडत नाहीत, म्हणून संग्रहच (अनेक बँडची गाणी एकत्र केलेले संच) घ्यायचेत. तीच गाणी दोनदा विकत घेणं कसं टाळता येईल? आणि एलपी (मोठी विनाइल तबकडी) बरी की सीडी? खोली वरच्या मजल्यावर आहे, वर पत्रा.

जालना_मोनो
आधी 'नगेट्स २' घ्या. ऱ्हायनो कंपनीचा २००१ चा संच, ४ सीडी, १०९ गाणी. टुमॉरो या बँडचं 'माय व्हाइट बायसिकल' आणि ओपन माइंड या बँडचं 'मॅजिक पोशन' दोन्ही आहेत. ब्रिटनबाहेरचे बँडही आहेत त्यात, पण पाया पक्का होतो. जड गिटार आवडत असेल तर ग्रेपफ्रूट कंपनीचा 'आयम अ फ्रीक, बेबी' (२०१६, ३ सीडी, काळ १९६८ ते ७२). 'रबल' ही संग्रहांची मालिका १९८४ पासून निघाली, २० भाग आहेत. तिच्याकडे घाईने जाऊ नका, गाणी पुन्हा पुन्हा येतात.

दुहेरी खरेदी टाळायला एक्सेलमध्ये रकाने करा: बँड, गाणं, मूळ सिंगलचा कॅटलॉग नंबर (कंपनीने तबकडीला दिलेला क्रमांक), मोनो की स्टिरिओ (दोन्ही बाजूंना एकच आवाज की वेगवेगळा), लांबी सेकंदात. नुसत्या नावावर जाऊ नका. १९६७ च्या सिंगलचं मोनो मिक्स (आवाजांची जुळणी) आणि एलपीवरचं स्टिरिओ मिक्स पुष्कळदा वेगळं असतं, गाणं लवकर विरतं किंवा गिटार मागे जाते. नवा संच मागवण्याआधी डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या वेबसाइटवरची यादी शेजारी चिकटवून बघा. निम्मी गाणीही नवी नसतील तर सोडा.

परभणी_टेप
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते खरा प्रश्न गाणं कशावरून उतरवलंय हा आहे. १९८० च्या दशकातले बरेच संग्रह स्टुडिओतल्या मूळ टेपवरून नाही, घासलेल्या सिंगलवरून केलेले. मोनो गाणं असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासता येतं. स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा, एकाला 'इन्व्हर्ट' (लहर उलटी करणं) लावा, मग दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता आली तर शुद्ध मोनो. गाणं गायब होऊन फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज उरला, तर तबकडीवरून घेतलंय. अख्खं गाणंच बारीक आवाजात उरलं, तर आधी दोन्ही बाजूंची पातळी सारखी करून पुन्हा बघा. तरीही उरलं तर स्टिरिओ किंवा बनावट स्टिरिओ (मोनोवरून कृत्रिमपणे केलेलं).

शांतता आली म्हणून मात्र टेपच असं धरू नका. तबकडीवरून घेऊनही दोन्ही बाजू एक करता येतात. मग सुरुवातीचे दोन सेकंद हेडफोनवर ऐका, तबकडीची तडतड येते का बघा.

स्पेक्ट्रोग्रामही (कोणत्या वेळी किती उंच सूर आहेत ते दाखवणारं चित्र) बघा. १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर सीडी एमपी३ वरून बनवलेली असण्याचा दाट संशय घ्या. असा संच परत करा.

नांदेड_सुई
पत्र्याखाली एलपी अजिबात नको. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. ६० अंशांच्या आसपास तबकडी वाकते, आडवी थप्पी असेल तर आधीच. सीडीच घ्या.

जुनी सीडी घेताना आतल्या कड्याभोवती 'मेड इन यूके बाय पीडीओ' (पीडीओ हा सीडी छापणारा कारखाना) वाचलं तर उजेडात धरा. १९८८ ते ९३ च्या अशा कितीतरी सीडी काठापासून तांबूस होतात. वरचं लॅकर (संरक्षक थर) आतल्या चांदीच्या थराला वाचवत नाही, सोबतच्या कागदातलं गंधक तिला काळवंडतं. ती बुरशी नव्हे, पुसून जात नाही. मिळाल्या दिवशीच संगणकावर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून ठेवा.

एलपी घेतलीच तर बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षार खाचेत बसतात. ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचे २ थेंब, नंतर नुसत्या डिस्टिल्डने धुवा. घरातल्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. आणि पीव्हीसीची पारदर्शक पिशवी नको, उन्हाळ्यात तबकडीवर पांढरट धुकं धरतं. पॉलिथिनची घ्या.

लातूर_४५
पत्र्यावर चुना मारला तर एलपी ठेवता येतील?

नांदेड_सुई
फरक पडतो, पण त्यावर विसंबू नका. खालच्या मजल्यावर, ऊन न लागणाऱ्या भिंतीच्या कपाटात उभ्या ठेवा, भिंत आणि कपाटाच्या मध्ये दोन बोटं जागा. दुपारी लाईट गेली तरी तिथं फार तापत नाही.