काकांचा पीसी : फोल्डरांचे शॉर्टकट झालेत

खाडीकाठ : देवगडला काकांचा विंडोज ७ चा पीसी आहे. कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावला नि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. हापूसच्या पेट्यांचा हिशेब त्यातच! दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारूया. काका हात लावू देत नाहीत, बरोबरच आहे म्हणा.

सुपारीवाला : फॉरमॅट अजिबात नको. हा व्हायरस आहे, फायली बहुधा त्याने नुसत्या लपवलेल्या असतात. लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टीम) टाकलेल्या पेनड्राइव्हवरून पीसी चालू करा, तिथे दिसतील. फक्त हिशेब नि फोटो काढा. शॉर्टकट, ईएक्सई (प्रोग्रॅमच्या फायली) नकोत, त्यातून व्हायरस परत येईल. विंडोज ७ चे अपडेट २०२० लाच थांबलेत, नेटला जोडू नका.

दर्यावर्दी : चालूच झाला नाही तर रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिची धातूची टोकं खोडरबराने पुसा. खारी हवा मेली!

खाडीकाठ : हिशेब मिळाला. काका विचारतायत, लिनक्स मिंटात पत्त्यांचा खेळ आहे काय?