हार्वर्डच्या ढालीवरच्या गव्हाच्या पेंढ्या: काढल्या ते बरं झालं का?

खडूफळा (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलची जुनी ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराचं बोधचिन्ह, आठवते का? वर लाल पट्ट्यात विद्यापीठाची तीन उघडी पुस्तकं आणि त्यांवर 'व्हेरिटास' (लॅटिनमध्ये 'सत्य'), खाली निळ्या रंगावर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या. बघणाऱ्याला वाटावं, सुबत्ता, ज्ञानाचं पीक वगैरे. तसलं काही नाही. रॉयल (Royall) आडनावाच्या घराण्याचं कुलचिन्ह आहे ते. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डच्या आयझॅक रॉयलकडे बापाचा पैसा आला होता. तो कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. १७८१ मध्ये तो इंग्लंडात वारला. त्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून १८१५ मध्ये हार्वर्डमध्ये कायद्याचं पहिलं अध्यासन (देणगीतून चालणारं प्राध्यापकपद) सुरू झालं आणि १८१७ मध्ये लॉ स्कूल. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी 'रॉयल मस्ट फॉल' म्हणत आंदोलन केलं आणि मार्च २०१६ मध्ये ढाल रद्द झाली.
माझं मत: चूक झाली. पेंढ्या ठेवायला हव्या होत्या, खाली खरी हकीकत लिहून. आता नव्या विद्यार्थ्याला प्रश्न पडायलाच जागा उरली नाही.

सातारी_कंदी
शिक्का म्हणजे काय संग्रहालय आहे का? पदवीच्या कागदावर, टी-शर्टवर, कॉफीच्या मगावर मिरवायची वस्तू ती. तिथे तळटीप कुठे लिहिणार? ज्याच्या पणजोबाला साखळीने बांधून आणलं त्याने मालकाचं कुलचिन्ह छातीवर लावून फिरायचं, कशाला तर तुम्हाला प्रश्न पडावा म्हणून? मेडफर्डमध्ये रॉयलचा वाडा आणि गुलामांची राहायची जागा, दोन्ही जपलेलं संग्रहालय आहे. इतिहास शिकायचाय त्याने तिथे जावं.

खडूफळा
मग अॅनेट गॉर्डन-रीड यांचं काय? गुलामगिरीच्याच इतिहासावर पुलित्झर मिळवलेल्या, स्वतः कृष्णवर्णीय, तिथल्याच प्राध्यापक. ढालीचं काय करायचं हे ठरवायला लॉ स्कूलने नेमलेल्या समितीने १० विरुद्ध २ मतांनी ढाल काढा म्हटलं. त्या दोनांत त्या होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या पेंढ्या रॉयलच्या नव्हे, तर ज्यांच्या कष्टांवर ही संस्था उभी राहिली त्या माणसांच्या आठवणीसाठी वापरा. हे काय मालकधार्जिणं मत आहे?

सातारी_कंदी
त्यांचा हेतू कोण नाकारतंय? पण दहा जणांना पटलं नाही, त्यालाही कारण आहे. चिन्हाचा अर्थ आपण ठरवला म्हणून बदलत नाही.

घोटीव_कागद
बदलतो की! हार्वर्डचंच बघा. १६४३ मध्ये 'व्हेरिटास'वाल्या तीन पुस्तकांचं चित्र ठरलं आणि बासनात गेलं. पुढे शिक्क्यावर ख्रिस्ताच्या आणि चर्चच्या नावाची वचनं होती. १८३६ च्या सुमारास अध्यक्ष जोसाया क्विन्सी यांना जुन्या दप्तरात ते चित्र सापडलं, तेव्हा 'सत्य' परत आलं. आणि या पेंढ्या? १९३६ मध्ये विद्यापीठाच्या ३०० व्या वर्षानिमित्त एका कलाकाराने ढाली आखल्या, त्यात देणगीदार म्हणून रॉयलचं चिन्ह उचललं, आणि पुढल्या वर्षी ते मंजूर झालं. म्हणजे 'प्राचीन वारसा' ऐंशी वर्षांचाही नव्हता. सजावट ती, काढली तर एवढं काय?

बंदर_रोड
सगळे चित्रावर भांडताय. २०१६ मध्ये पेंढ्या गेल्या, पण रॉयलच्या नावाचं अध्यासन तेव्हा तसंच राहिलं! पैसा ठेवायचा, चित्र पुसायचं, स्वस्तातलं प्रायश्चित्त. आणि आपणही फार वर तोंड करू नये. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या पैशाचा, आणि त्यांची भरभराट झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवले म्हणून.

सातारी_कंदी
भाव चढले म्हणून नफा होणं आणि माणसं विकत घेणं एकाच मापाने मोजायचं? हे काही पटलं नाही. अध्यासनाबद्दल मात्र तुमचं बरोबर.

खडूफळा
एक गोष्ट राहून गेली. रॉयलकडे बेलिंडा नावाची गुलाम स्त्री होती. १७८३ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, की आयुष्यभर राबले, आता रॉयलच्या मालमत्तेतून मला निर्वाहापुरतं द्या. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले. पुढे पैसे थांबले, तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. कायदा शिकवणाऱ्या संस्थेसाठी याहून चांगला पहिला धडा कुठला? पेंढ्यांकडे बोट दाखवून तो शिकवता आला असता.

घोटीव_कागद
तो धडा पेंढ्यांशिवाय का शिकवता येत नाही? २०१७ मध्ये लॉ स्कूलने त्या गुलामांच्या स्मरणार्थ आवारात पाटी बसवली आहे, दगडावर. २०२१ मध्ये नवी ढाल आली, तीवर 'लेक्स एत युस्तीसिया', म्हणजे कायदा आणि न्याय. दिसायला अगदीच मिळमिळीत आहे, हे कबूल.

बंदर_रोड
मिळमिळीतच हवी होती त्यांना. पेंढ्या असत्या तर दर वर्षी नव्या तुकडीने विचारलं असतं, हे कोणाचं. आता कोण विचारतंय?

सातारी_कंदी
तुम्ही विचारताय ना! पेंढ्या जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धागा निघालाच की.