मदत हवी आहे : सर्पदंशावरचं प्रत्यक्ष सराव असलेलं सीएमई (डॉक्टरांसाठीचं निरंतर वैद्यकीय शिक्षण) नाशिकमध्ये कुठे होतं?

नमस्कार डॉक्टर मंडळी,

माझा पेठ तालुक्यात दवाखाना आहे, एमबीबीएस. पुढच्या वर्षी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे. त्यासाठी ५ वर्षांत सीएमईचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यातले थोडे अजून कमी आहेत. ते घरबसल्या ऑनलाइनही भरून निघतील, पण नुसते पॉइंट नकोत, कामाचं काही शिकायचं आहे.

भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण येतात. मण्यारीचा दंश फार अवघड. जागेवर सूज नाही, दुखणं नाही, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो आणि बघता बघता पापण्या जड होतात. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घोणस-फुरशाच्या दंशात उपयोगी पडते, मण्यारीत ती नॉर्मलच येते. अशा वेळी प्रतिसर्पविष कधी सुरू करायचं, रिअ‍ॅक्शन आली तर काय, श्वास मंदावला तर अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) नाशिकपर्यंत कसं न्यायचं, हे हाताने करून शिकायचं आहे. स्लाइड्स पुष्कळ पाहून झाल्या.

आयएमएच्या नाशिक शाखेत किंवा म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात असं काही होतं का? रविवार असेल तर उत्तम, एरवी दवाखाना बंद ठेवणं परवडत नाही, रुग्णांनाही नाही. सोबत आमच्या सिस्टरलाही आणायचंय, कारण रात्री पहिला हात तिचाच लागतो. नर्सिंग स्टाफला प्रवेश असतो का?

कुणी केलं असेल तर अनुभव जरूर सांगा.