प्रतिसाद: दोन सिनेमांमधली सहा वर्षं

'कोर्ट' २०१४चा आणि 'द डिसायपल' थेट २०२०चा, म्हणजे या दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे मधली सहा वर्षं नुसताच बसला होता, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. स्वतंत्र दिग्दर्शकाचं खरं काम याच काळात चालतं, फक्त ते कुठे दिसत नाही. मधल्या काळात तो रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या मेंटॉर उपक्रमात (यात नामवंत कलाकार तरुणांना मार्गदर्शन करतात) मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनसोबत होता, क्वारोनच्या 'रोमा' सिनेमाचं चित्रीकरण त्याने जवळून पाहिलं. पुढे क्वारोन 'द डिसायपल'चा कार्यकारी निर्माता झाला. शिवाय 'द डिसायपल' ही शास्त्रीय गायकाची गोष्ट, तर मुख्य भूमिकेसाठी ताम्हाणेने आदित्य मोडक घेतला, जो मुळात शास्त्रीय गायक आहे. तानपुरा मांडीवर घेऊन बसलेला माणूस खरोखर गाणारा आहे हे पडद्यावर लगेच कळतं. असा माणूस शोधायला वेळ जाणारच.

सिनेमाच्या पैशांबद्दल बोलताना एक गोष्ट राहून जाते. 'कोर्ट' लिहिताना विवेक गोम्बरने ताम्हाणेला दरमहा खर्चाला पैसे दिले होते. 'कोर्ट'चा निर्माता तोच, आणि त्यात बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका करणाराही तोच. चित्रीकरणाला पैसे घालणारे भेटतात हो, पण लेखकाचं घरभाडं भरणारा निर्माता मराठीत आज किती जणांना मिळतो? ताम्हाणेच्या पुढच्या सिनेमाची वाट बघताना मला तरी हाच प्रश्न जास्त छळतो.